एका शिलिंगाचे जहाज

एका शिलिंगाला काय मिळते? १९६५ साली आपल्या चलनात त्याचा पुरता रुपयाही झाला नसता. परंतु त्याच साली न्यूझीलंडमधील पिक्टन या लहानशा बंदरात काही नागरिकांनी एकत्र येऊन एका शिलिंगाला अख्खे जहाज विकत घेतले. जहाजही साधेसुधे नव्हे. शंभरी ओलांडलेले, सागवानी, सात समुद्रांचे पाणी प्यालेले आणि मुख्य म्हणजे आपल्या हिंदुस्थानात बांधलेले. 'एडविन फॉक्स' हे त्याचे नाव.

वाचकांपैकी एखादा हिशेबी मित्र म्हणेल, "काय स्वस्तात पडले!" पण हत्ती फुकट मिळाला म्हणून त्याचा चारा काही फुकट मिळत नाही. ते शिलिंग मोजून दिल्यावर पुढची चौतीस वर्षे तिथल्या मंडळींनी काय केले, ही खरी गोष्ट आहे. ती आपल्या वार्षिकात सांगावी असे मला वाटले, त्यामागे एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगून टाकतो.

आमच्या घरी एक पडाव होता. आजोबा त्याचे तांडेल. कौले, मीठ, नारळ, कधी भात असा माल भरून तो आमच्या खाडीतून निघे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई गाठी. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, बंदरे ओस पडली आणि पडाव एकदा काठावर ओढून ठेवला तो कायमचा. आजोबा होते तोवर दर पावसाळ्याआधी त्यावर माडाच्या झापांचे छप्पर चढे आणि फळ्यांना माशाचे तेल लागे. धंदा नाही, मिळकत नाही, तरी हा नेम चुकला नाही. आजोबा गेले आणि झापे चढेनाशी झाली. चार पावसाळ्यांत फळ्या फुगल्या, उकलल्या. मी अकरावीत असताना घरच्यांनी तो तोडून लाकूड वखारीला विकले. फळ्या उचलून टेम्पोत टाकायला मीही होतो. आलेल्या पैशांतून घराच्या पडवीवर पत्रे चढवले. पडावावर छप्पर घातले नाही म्हणून तो गेला, आणि तो गेला म्हणून पडवीला छप्पर मिळाले! आज त्याची एक लाकडी कप्पी तेवढी उरली आहे. ती आमच्या विहिरीवर आहे.

म्हणून जेव्हा पिक्टनच्या त्या जहाजाविषयी वाचले, तेव्हा मला कौतुकाआधी लाज वाटली.

'एडविन फॉक्स' १८५३ साली कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर सालकिया येथे बांधून पाण्यात उतरले. बांधणी सागाची आणि सालाची. लवकरच त्याला काम लागले ते क्रिमियाच्या युद्धात सैनिक वाहून नेण्याचे. पुढे त्याने चीनच्या बंदरांतून माल वाहिला, करारावर बांधून घेतलेले चिनी मजूर क्यूबाला पोचवले, आणि १८५८ मध्ये इंग्लंडहून शिक्षा झालेले कैदी पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात नेऊन सोडले. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांपैकी आज शिल्लक असलेले हे एकमेव जहाज आहे. १८७३ ते १८८० या काळात चार खेपांत सुमारे साडेसातशे माणसे नव्या आयुष्याच्या आशेने याच जहाजातून न्यूझीलंडला गेली.

मग आगबोटींचे युग आले. शिडांच्या जहाजाला कोण विचारतो? १८८५ मध्ये त्याच्यावर मांस गोठवण्याची यंत्रे बसवली. १८९७ मध्ये त्याला ओढत पिक्टनला आणले. डोलकाठ्या गेल्या, शिडे गेली, आतील रचना गेली आणि पुढे त्याची कोळशाची तरंगती वखार झाली. १९५० पर्यंत ते असे राबले आणि नंतर जागच्या जागी कुजत राहिले. एखादा बैल आधी गाडीला, मग नांगराला, मग घाण्याला आणि शेवटी नुसता दावणीला बांधावा, तशी ही कहाणी आहे.

या जहाजाने एकही लढाई जिंकलेली नाही, नवा देश शोधलेला नाही. कोणी राजा त्यातून गेला नाही. शिवाय त्याने वाहिलेल्या ओझ्यापैकी काही ओझे लाजिरवाणे आहे. बेड्या घातलेले कैदी आणि फसवून नेलेले मजूर यांचा अभिमान कोणी बाळगावा? तरीसुद्धा मला वाटते, जपायचे ते हेच. राजवाडे आणि तोफा जपणारे पुष्कळ असतात. पण एकोणिसाव्या शतकात जग ज्यांच्या पाठीवरून चालले, त्या साध्या मालवाहू जहाजांचे नावही कोणी ठेवत नाही. जतन म्हणजे बढाई नव्हे. आपण कोण होतो, कोणाच्या श्रमावर मोठे झालो, याचा जो पुरावा लाकडात उरला आहे, तो नष्ट होऊ न देणे म्हणजे जतन.

आता त्या शिलिंगाकडे वळतो. जहाज घेण्यासाठी नागरिकांनी एक संस्था स्थापन केली. तिच्या नावातच 'जीर्णोद्धार' हा शब्द होता. स्वप्न मोठे होते: जहाज पूर्ववत करायचे, डोलकाठ्या उभारायच्या, दोरखंड चढवायचे, सारे काही पुन्हा पहिल्यासारखे! पण स्वप्नाला लागणारा पैसा स्वप्नात मिळत नसतो. १९६७ मध्ये जहाज शेजारच्या एका उपसागरात नेऊन ठेवावे लागले. त्या उपसागराचे नाव 'शेक्सपिअर बे' आहे, हे वाचून आपल्या इंग्रजी विभागाला मौज वाटेल. परंतु तिथे जे घडले ते नाटकाच्या अगदी उलट होते. जवळजवळ वीस वर्षे काहीच घडले नाही. ऊन, पाऊस आणि भरती-ओहोटी यांनी आपले काम केले, आणि संस्थेने आपले. ते म्हणजे वर्गणी गोळा करणे, लोकांना आठवण देत राहणे आणि जहाज भंगारात जाऊ न देणे. १९८६ मध्ये, आणखी देणग्या जमल्यावर, ते पुन्हा तरंगते करून पिक्टनला आणले. १९९९ मध्ये ते कोरड्या गोदीत शिरले. गोदीतले पाणी काढले गेले, डोक्यावर छप्पर आले. शिलिंग दिल्यापासून कोरड्या गोदीपर्यंत चौतीस वर्षे!

आणि याच प्रवासात संस्थेने एक अवघड निर्णय घेतला. पूर्ण जीर्णोद्धार आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे तिने मान्य केले. डोलकाठ्या नकोत, शिडे नकोत; आहे ते मूळ लाकूड आहे तसे राखायचे, एवढेच ध्येय ठेवले. आज तिथे येणारा पाहुणा त्या पोकळ पोटात उभा राहतो आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वी बंगालच्या कारागिरांनी बसवलेल्या फासळ्या पाहतो. रंगरंगोटी नाही, नवा पॉलिश नाही. काहींना हा पराभव वाटेल. मला ती संस्थेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

असे का म्हणतो ते दुसऱ्या एका जहाजावरून कळेल. अमेरिकेत सिएटल शहरी 'वावोना' नावाचे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज होते. १८९७ साली कॅलिफोर्नियात बांधलेले. आधी इमारती लाकूड वाहिले, पुढे उत्तरेच्या समुद्रात कॉड मासळी धरली. १९६४ मध्ये तेथील नागरिकांनीही असेच एकत्र येऊन ते विकत घेतले. १९७० मध्ये राष्ट्रीय वारशाच्या नोंदीत त्याचे नाव लागले. उत्साह होता, स्वयंसेवक होते, शहरही श्रीमंत. पण जहाज पाण्यावरच राहिले. वरून पाऊस, खालून पाणी, आतून बुरशी आणि कीड. डागडुजी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा कुजायचे. अखेर २००९ मध्ये ते तोडावे लागले. त्याच्या काही लाकडांतून एका शिल्पकाराने उंच शिल्प घडवले, ते सिएटलच्या संग्रहालयात उभे आहे. शिल्प सुंदर असेल, पण पंचेचाळीस वर्षांच्या धडपडीनंतर हाती शिल्प उरावे आणि जहाज उरू नये, हे काही समाधान नव्हे. आमच्या विहिरीवरची कप्पी मला रोज हेच सांगते.

म्हणजे कोणी मोठे स्वप्न पाहूच नये काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे 'अल्मा डोपेल' पाहा. १९०३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील बेलिंजन येथे एका जहाजबांधणाऱ्याने ते बांधले आणि त्याला आपल्या धाकट्या मुलीचे नाव दिले. त्याने लाकूड वाहिले, टास्मानियात मुरंब्याच्या कारखान्याचा माल वाहिला, दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या बाजूला सैन्याची चाकरी केली आणि शेवटी चुनखडी वाहिली. १९७० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी ते घेऊन सुधारले, तरुणांना त्यावर समुद्राचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ते पुन्हा थांबले. मग पुन्हा वर्गण्या, पुन्हा स्वयंसेवक. जहाज पाण्याबाहेर उचलून तराफ्यावर ठेवले आणि वर्षानुवर्षे फळी-फळी बदलीत २०२१ मध्ये परत पाण्यात सोडले. निवृत्त कारागीर, विद्यार्थी, ज्यांनी कधी रंधा हातात धरला नव्हता अशी माणसेही तिथे राबली. मात्र अवघड सुतारकाम जाणत्या जहाज-सुतारांनीच केले, हे विसरू नये. श्रमदानाने लाकूड घासता येते, रंगवता येते, गाळ उपसता येतो. कण्याला नवे लाकूड जोडायला हात मुरलेला असावा लागतो आणि त्या हाताला मजुरी द्यावी लागते.

इथे एक जुना वाद उभा राहतो. फळी-फळी बदलल्यावर जहाज तेच राहिले काय? तत्त्वज्ञानाच्या तासाला या प्रश्नावर आपण सर्वांनी डोके खाजवले आहे. माझे साधे उत्तर असे आहे. जहाज चालणार असेल तर फळ्या बदलाव्याच लागतात. आजोबाही दर दोन-तीन वर्षांनी बदलीत असत, आणि पडाव आमचाच राहिला. पण चालण्याची आशाच नसेल, तर नव्या लाकडाचा मुखवटा चढवण्यापेक्षा जुने लाकूड कोरडे ठेवणे अधिक प्रामाणिक. 'अल्मा डोपेल' आणि 'एडविन फॉक्स' यांचे मार्ग वेगळे, पण दोघांनी आधी एकच गोष्ट केली: जहाज पाण्याबाहेर काढले. 'वावोना'च्या बाबतीत तेवढेच राहून गेले. लाकडाचा वैरी काळ नव्हे, ओल आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, जतनाची सुरुवात शिडांच्या स्वप्नापासून न करता छपरापासून करावी. पहिल्या वर्गणीचा पहिला रुपया छपरावर खर्च व्हावा.

वर्गणीचेही एक मर्म आहे. एखाद्या धनिकाने एकरकमी पैसा दिला तर काम लवकर होते, हे खरे. पण उद्या त्याचे मन फिरले की काम थांबते. सरकारने केले तर मंत्री बदलेपर्यंत चालते. दहा-दहा रुपये देणारी हजार माणसे असतील तर काम रखडते, कंटाळवाणे होते, हिशेबावरून भांडणेही होतात. परंतु हजार घरांत ते आपले होऊन बसते. शेक्सपिअर बे मधली ती रिकामी वीस वर्षे मला याचसाठी मोलाची वाटतात. दाखवण्यासारखे काही नसताना जे लोक सभासद राहिले, त्यांनीच जहाज वाचवले.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचा आक्षेप मला आताच ऐकू येतो: "ज्या गावात दवाखान्याचे छप्पर गळते, तिथे जुन्या लाकडावर छप्पर कसले घालता?" आक्षेप खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या पडवीवर पत्रे हवेच होते. आईने चार पावसाळे पडवीत भांडी मांडून गळती झेलली होती. पण पडावावर झापे घालायला पैसे लागतच नव्हते. झापे आमच्याच माडांची होती. लागला असता तो एका रविवारचा घाम. खर्च परवडला नाही म्हणून पडाव गेला असे आम्ही म्हणतो, ते खोटे आहे. कोणाचे लक्ष नव्हते म्हणून तो गेला. दवाखाना आणि जहाज यांत निवड करायची वेळ क्वचितच येते. बहुधा आपण दोन्हींकडे दुर्लक्ष करतो आणि एकाचे नाव दुसऱ्याच्या माथी मारतो.

आपल्या प्रांताला या बाबतीत काही कमी होते असेही नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या सुतारांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल येथे आहे; १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे खपून तिथल्या लोकांनी ती उभी केली. मुंबईचे जहाज हार्टलपूलला, बंगालचे जहाज पिक्टनला! आपण बांधायचे आणि दुसऱ्यांनी जपायचे, अशी काही वाटणी झाली आहे काय?

आपण जपतच नाही असे म्हणणेही अन्यायाचे होईल. दर रविवारी किल्ल्यांवर जाऊन टाक्यांतला गाळ काढणारी, तटावरची झाडे तोडणारी तरुण मंडळी आपल्याच महाविद्यालयांतली आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली मराठेशाहीतली गोदीसुद्धा आहे. गड आहे, गोदी आहे. पण त्या गोदीत ठेवायला एक जुने गलबत नाही! २०२५ मध्येच अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज नौदलात दाखल झाले. ते गोव्यात बांधले गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण चित्रावरून जहाज नव्याने बांधावे लागते, कारण जुने कोणी ठेवलेले नसते. उद्या पडाव कसा होता हे पाहायलाही चित्रच शोधावे लागेल, आणि आपल्या पडावांची चित्रे तर अजिंठ्यात नाहीत.

तेव्हा करायचे काय? मी काही मोठी योजना मांडणार नाही. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात. यंदाचे एक शिबिर खाडीकाठच्या गावी घ्यावे. काठावर, माडांच्या सावलीत, चिखलात रुतलेल्या अशा जुन्या पडाव-मचव्यांची आधी यादी करावी. लांबी-रुंदी मोजावी, कोणते लाकूड कुठे वापरले आहे ते लिहून घ्यावे, छायाचित्रे काढावीत. ते बांधणारे सुतार आणि चालवणारे तांडेल हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक भागाचे नाव विचारावे. मराठीच्या विद्यार्थ्यांना शब्दकोशात न सापडणारे शब्द तिथे सापडतील. आजोबांना विचारायचे माझ्याकडून राहून गेले. मला आज पडावाच्या दहा भागांचीही नावे सांगता येत नाहीत, आणि मी तांडेलाचा नातू आहे.

यादी झाल्यावर त्यांतले एक, फक्त एक, सर्वांत धड असलेले निवडावे. मालकाची रीतसर संमती घ्यावी. खाली ओंडके देऊन ते ओलीपासून वर उचलावे आणि त्यावर झापांचे छप्पर घालावे. बस्स. शिडे, डोलकाठी, संग्रहालय, तिकीट यांचा विचार त्यानंतर दहा वर्षांनी झाला तरी चालेल. दर मे महिन्यात नवी झापे चढली म्हणजे पुरे. आपण तीन वर्षांनी पदवी घेऊन निघून जाऊ. पुढच्या तुकडीला छप्पर सोपवून जाता येईल. या कामात खोटा उत्साह चालणार नाही. कारण पहिली काही वर्षे दाखवण्यासारखे काहीच नसेल.

मी हे लिहितो आहे ते सुटीत, घरी. बाहेर पडवीवरच्या पत्र्यांवर पाऊस वाजतो आहे आणि विहिरीवरून पाणी काढताना कप्पी करकरते आहे. आई म्हणते, तिला तेल घाल. उठतो आता.